एसडब्ल्यूटीचा पातळ थर : एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

जावा कार्यक्रमांना खिडक्या, बटणे इत्यादी पुरवणाऱ्या एसडब्ल्यूटी या टूलकिटमधला विंडोजसाठीचा बटणाचा वर्ग वाचू लागले, तर आपण जावा वाचतो आहोत की सी, असा संभ्रम थोड्याच वेळात पडतो. बटणावर खूण करायची असेल तर तिथे सेंडमेसेज हे विंडोजचे फंक्शन विंडोजच्याच नावाने बोलावलेले असते, त्याला द्यायचे स्थिरांक विंडोजच्या हेडर फायलींत जसे आहेत तसेच उतरवलेले असतात, आणि आयताच्या स्ट्रक्चरमधली चार क्षेत्रेही मूळ नावांनीच हजर असतात. जावाच्या वळणाशी हे अजिबात जुळत नाही. मात्र हा निष्काळजीपणा नाही. ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट बोलणारा नेटिव्ह थर कसा असावा याविषयी सुरुवातीलाच विचारपूर्वक घेतलेल्या एका निर्णयाचा तो दृश्य परिणाम आहे, आणि त्या निर्णयाचे पुढे काय झाले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

निर्णयापूर्वीची स्थिती

ओटीआय ही ऑटवा येथील कंपनी आयबीएमने १९९६ मध्ये विकत घेतली. स्मॉलटॉक या भाषेतली विकसन-साधने हा तिचा मुख्य व्यवसाय होता, आणि वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ विजेट्स (बटण, यादी यांसारखे पडद्यावरचे घटक) स्मॉलटॉकमधून वापरता यावीत असा एक सामाईक थर तिथल्या अभियंत्यांनी आधीच तयार केलेला होता. पुढे नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्स या नावाने खुले झालेले विकसन-साधन जावात लिहायचे ठरले, तेव्हा पडद्यावरच्या भागासाठी त्यांच्यासमोर दोन तयार वाटा होत्या.

पहिली वाट जावाबरोबरच येणाऱ्या एडब्ल्यूटी या टूलकिटची. जावाच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ती उपलब्ध होती. तिच्यात प्रत्येक जावा विजेटमागे ‘पीअर’ नावाचा एक जोडीदार असे आणि त्याचे बरेचसे काम सीमध्ये लिहिलेले असे. प्लॅटफॉर्ममधले फरक त्या सी कोडच्या पोटात मिटवले जात. परिणामी एखादे बटण एका सिस्टिमवर नीट चाले आणि दुसरीवर अडखळे, तेव्हा दोष जिथे असे तिथे जावाचा डीबगर (दोष शोधण्याचे साधन) पोहोचत नसे, आणि सीचा डीबगर घेऊन बसणाऱ्याला वर जावात काय चालले आहे ते दिसत नसे. शिवाय सर्व प्लॅटफॉर्मवर समान असलेले तेवढेच एडब्ल्यूटीत आले होते. त्यात तक्ता नव्हता आणि झाडाच्या आकाराची यादीही नव्हती. फायली, वर्ग आणि त्रुटी दाखवण्यासाठी या दोन विजेट्सवाचून ज्याचे पान हलत नाही, अशा साधनाला ही वाट बंदच होती.

दुसरी वाट जावाच्याच स्विंग या नव्या टूलकिटची, जी १९९८ च्या अखेरीस जावा १.२ बरोबर आली. स्विंग ऑपरेटिंग सिस्टिमकडून फक्त रिकामी खिडकी मागून घेते आणि आतले सर्व काही स्वतः रंगवते. त्यामुळे झाड, तक्ता, मजकूर या सर्वांचे वागणे सर्वत्र सारखे राहते, आणि हा लाभ मोठा आहे. पण सिस्टिमचे रूप बदलले की नक्कल मागे पडते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, आणि तिच्या नव्या रूपाची नक्कल स्विंगमध्ये आली ती २००३ च्या १.४.२ आवृत्तीत. स्क्रीन रीडर आणि निरनिराळ्या लिपींची इनपुट पद्धती मूळ विजेट्सना आपोआप लाभतात; स्वतः रंगवलेल्या विजेट्ससाठी त्या वेगळ्या जोडाव्या लागतात. त्या काळच्या यंत्रांवर स्विंगचा वेगही समाधानकारक नव्हता.

थर पातळ ठेवण्याचा नियम

स्टीव्ह नॉर्थओव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट काढली. मूळ विजेट जिथे आहे तिथे तेच वापरायचे. नसेल तिथे जावात त्याची प्रतिकृती करायची. युनिक्सवरच्या मोटिफ या टूलकिटसाठीच्या आवृत्तीत तक्ता आणि झाड या दोन्ही गोष्टी अशाच रीतीने घडवाव्या लागल्या. एवढ्यापुरते पाहिले तर एडब्ल्यूटीपेक्षा फार वेगळे काही घडले असे म्हणता येणार नाही. खरा फरक सीमारेषेच्या जागेत आहे. एसडब्ल्यूटीचा नेटिव्ह थर ऑपरेटिंग सिस्टिमच्या फंक्शनांना एकास एक जोडलेला आहे : खालच्या एका फंक्शनासाठी वर जावात त्याच नावाची, त्याच क्रमाने तेच घटक घेणारी एक नेटिव्ह मेथड. मधल्या सी कोडमध्ये घटकांचे रूपांतर आणि स्ट्रक्चरची ने-आण यांखेरीज काहीही नाही. तिथे निर्णय घेतला जात नाही, अट तपासली जात नाही, काही लक्षातही ठेवले जात नाही. इतका यांत्रिक कोड हाताने लिहिण्याचे कारण उरत नाही, म्हणून तो जावातल्या घोषणांवरून एका साधनाने तयार केला जातो.

यामुळे प्लॅटफॉर्ममधले सर्व फरक जावात आले. बटणाचा वर्ग विंडोजसाठी वेगळा, लिनक्सवरच्या जीटीके या टूलकिटसाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा. बाहेरून तिन्हींचा करार एकच, आतून तीन स्वतंत्र कार्यक्रम. पीअरसारखा सामाईक मधला करारही नाही. हे पाहून पुनरावृत्तीचा तिटकारा असलेला कोणीही प्रोग्रामर कपाळाला हात लावेल, आणि त्याचे चुकतेही नाही. परंतु एखादा दोष आला तर तो शोधणारा माणूस एकाच भाषेत, एकाच डीबगरमध्ये, त्या प्लॅटफॉर्मच्या मूळ दस्तऐवजातली नावे जशीच्या तशी वापरून काम करू शकतो. दोष ऑपरेटिंग सिस्टिमचाच आहे अशी शंका आली, तर जावातल्या त्या दहा ओळी जवळजवळ अक्षरशः सीमध्ये उतरवून तोच दोष जावाशिवाय दाखवता येतो. सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नेताना या सोयीची किंमत कळते.

या रचनेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप वेगाचा आहे. सीमारेषा जितकी खाली, तितक्या वेळा ती ओलांडावी लागते, आणि जेएनआय या, जावातून सी कोड बोलावण्याच्या सोयीमधून प्रत्येक वेळी ओलांडताना काही खर्च होतो. तत्त्वतः हे बरोबर आहे. प्रत्यक्षात मात्र विजेटला निरोप पाठवल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम जे काम करते, त्यापुढे तो खर्च बहुधा किरकोळ ठरतो. मोठे तक्ते भरताना तो जाणवतो, आणि त्यावर उपाय म्हणून जी ओळ दिसते तेवढीच मागवणारी आभासी तक्त्याची सोय पुढे दिली गेली. माझ्या मते वेगाच्या चर्चेने या प्रकरणातला खरा खर्च बराच काळ झाकून ठेवला. तो खर्च माणसांचा आहे, आणि तो मॅकच्या वेळी उघडा पडला. त्याआधी या थराची वर उमटलेली दोन चिन्हे पाहिली पाहिजेत.

खालच्या अटी वर कशा चढल्या

थर पातळ असला की खालचे आकार वर उमटतात. एसडब्ल्यूटीत विजेट तयार करतानाच त्याचा पालक द्यावा लागतो, आणि एकदा दिलेली शैली बहुतेक वेळा पुढे बदलता येत नाही. स्विंगमधून येणाऱ्याला हे विचित्र वाटते. याचे मूळ विंडोजमध्ये आहे : तिथे नियंत्रणाची खिडकी तयार करतानाच तिची पालक खिडकी सांगावी लागते, आणि कित्येक शैली जन्मानंतर बदलत नाहीत. जीटीकेला अशी अट नाही, तरी तिथल्या वापरकर्त्यालाही ती पाळावी लागते. सामाईक करार हा सर्वांत कडक प्लॅटफॉर्मच्या मापाने शिवला गेला.

दुसरे चिन्ह संसाधने परत करण्याचे. ‘जे तू निर्माण केलेस ते तूच नष्ट कर’ हा एसडब्ल्यूटीचा नियम न लागणारी मेमरी आपोआप परत घेणाऱ्या जावाच्या गार्बेज कलेक्टरवर वाढलेल्या पिढीला मागासलेला वाटला. त्यामागे दोन ठोस कारणे होती. कलेक्टर वस्तू कधी उचलेल याचा भरवसा नसतो, आणि उचलताना धावणारा अंतिम कोड दुसऱ्याच थ्रेडवर चालतो, तर विंडो सिस्टिमची हँडल्स (तिच्या वस्तूंकडे निर्देश करणारे क्रमांक) पडद्याच्या थ्रेडवरूनच हाताळावी लागतात. शिवाय हँडल्सचा साठा तुटपुंजा असे. विंडोज ९८ मध्ये चित्रकामाच्या काही वस्तू अजूनही ६४ किलोबाइटच्या राशीत ठेवल्या जात, आणि नंतरच्या विंडोजमध्येही एका प्रक्रियेला मूलतः चित्रकामाच्या, म्हणजे जीडीआयच्या, १०,००० हँडल्सचीच मर्यादा आहे. ‘नो मोअर हँडल्स’ ही त्रुटी ज्याने पाहिली, त्याने मेमरी भरपूर मोकळी असतानाही कार्यक्रम कोसळलेला पाहिलेला असतो. नियम कठोर होता, पण खाली जे आहे त्याविषयी खोटे बोलत नव्हता.

याच प्रामाणिकपणाची एक गमतीदार बाजू ६४ बिटांच्या वेळी दिसली. हँडल हा पूर्णांक म्हणून जावात इंट या प्रकारात ठेवलेला होता. ६४ बिटांच्या सिस्टिमवर तो लाँग हवा. दोन प्रती सांभाळण्याऐवजी प्रत्येक अशा घोषणेत इंटच्या शेजारी टिप्पणीत लाँग लिहून ठेवले गेले, आणि बांधणीच्या वेळी एक साधन त्या दोघांची अदलाबदल करी. म्हणजे टिप्पण्या हाच कोडचा भाग झाला. २०१८ च्या अखेरीस ३२ बिटांचा आधार थांबला, तेव्हाच या युक्तीची गरज संपली.

कार्बन गेले, कोको आले

मॅकवर एसडब्ल्यूटी कार्बनवर उभे होते. कार्बन हा सीमधला, फंक्शनांचा संच. एकास एक थराच्या नियमात तो सहज बसत होता. जून २००७ मधल्या विकसक परिषदेत ॲपलने स्पष्ट केले की कार्बनचा पडद्यावरचा भाग ६४ बिटांसाठी येणार नाही. ६४ बिटांचे जावा आणि ३२ बिटांचा पडदा एकाच प्रक्रियेत नांदू शकत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न आवडीनिवडीचा उरला नाही.

उरलेला पर्याय म्हणजे ॲपलचाच दुसरा संच, कोको. तो ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत आहे, आणि तिथे ‘एकास एक’ या शब्दांचाच अर्थ बदलतो. वस्तूंना निरोप पाठवण्याचे सर्व काम शेवटी धावत्या प्रणालीतल्या एकाच फंक्शनावरून जाते, त्यामुळे नियम अक्षरशः पाळला तर संपूर्ण थर मूठभर मेथडांचा होतो आणि त्याचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग राहत नाही. म्हणून थराचे दोन मजले केले गेले. तळाशी ते निरोप पाठवणारे फंक्शन आपल्या निरनिराळ्या घटकसंचांसह राहिले; त्याच्या वर कोकोतल्या वर्गांच्याच नावांचे जावा वर्ग उभे राहिले, ज्यांच्या मेथडांची नावे कोकोच्या दस्तऐवजाशी जुळतात. हे वर्गही हाताने न लिहिता, ॲपल आपल्या फ्रेमवर्कांबरोबर देत असलेल्या वर्णन-फायलींवरून साधनाने तयार केले गेले. नियमाचा शब्द बाजूला पडला, पण वरच्या मजल्यावर मूळ दस्तऐवजाचीच भाषा बोलता यावी हा त्याचा हेतू टिकला.

उलट दिशेची, कोकोकडून जावाकडे येण्याची वाट अधिक अवघड होती. कोकोत एखाद्या दृश्याने माऊसचा दाब स्वतः हाताळायचा असेल तर त्याचा उपवर्ग लागतो, आणि जावातला वर्ग ऑब्जेक्टिव्ह-सीचा उपवर्ग होऊ शकत नाही. तेव्हा कार्यक्रम सुरू होताना ऑब्जेक्टिव्ह-सीच्या धावत्या प्रणालीला सांगून नवे उपवर्ग जागच्या जागी निर्माण करायचे, आणि त्यांच्या मेथडांच्या जागी जावाकडे परतणारे पॉइंटर ठेवायचे, असा मार्ग स्वीकारला गेला. त्यात संदर्भ मोजून मेमरी सांभाळण्याची कोकोची पद्धत आली, इव्हेंटच्या प्रत्येक फेरीत भरून रिकामा करायचा साठा आला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचा निर्देशांक उलटवून वरून मोजायचे कामही आले. झाडाच्या विजेटने तर विचारसरणीच बदलायला लावली : विंडोजवर आपण झाडात फांद्या ढकलतो, कोकोतले झाड मात्र लागेल तेव्हा आपल्याला विचारते की या फांदीखाली किती आहेत आणि तिसरी कोणती. ढकलणारा जाहीर करार तसाच ठेवून खाली विचारणाऱ्या विजेटला उत्तरे द्यायची, हे काम जावातल्या मॅक-आवृत्तीने अंगावर घेतले.

जून २००९ मधल्या एक्लिप्स ३.५ मध्ये कोकोची आवृत्ती ३२ आणि ६४ अशा दोन्ही बिटांसाठी आली. घोषणेपासून मोजली तर दोन वर्षे. या काळात एसडब्ल्यूटी वापरणाऱ्या कार्यक्रमांच्या जाहीर करारात काही बदलावे लागले नाही. ज्यांनी आतले, प्लॅटफॉर्मचे वर्ग थेट वापरले होते, तेवढेच उघडे पडले. पातळ थराच्या बाजूने हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याच वेळी विरुद्ध बाजूचाही तोच आहे, कारण फरक जावात ठेवले म्हणजे प्रत्येक विजेटची मॅक-आवृत्ती नव्याने लिहावी लागली. स्वतः रंगवणाऱ्या टूलकिटला अशा वेळी खिडकी, इव्हेंट आणि चित्रकामाचा तळ एवढेच बदलावे लागते.

साधनाने निर्माण केलेला कोड या गोष्टीत आणखी एकदा उपयोगी पडला. ॲपलने २०२० मध्ये आपल्या नव्या चिप जाहीर केल्या. त्यांवर अनिश्चित संख्येने घटक घेणाऱ्या फंक्शनांना घटक देण्याची रीत साध्या फंक्शनांहून वेगळी आहे, त्यामुळे निरोप पाठवणारे ते एकमेव फंक्शन ढिल्या घोषणेवर बोलावले तर चुकीच्या जागचे घटक उचलले जातात. प्रत्येक हाकेचा नेमका प्रकार सांगणे भाग पडले. जिथे हाका हाताने लिहिलेल्या असतात तिथे ही दुरुस्ती एकेक हाक शोधत करावी लागते. इथे ती कोड तयार करणाऱ्या साधनात करता येते.

जीटीकेचा हळू त्रास

मॅकचा बदल धक्क्यासारखा आला आणि संपला. जीटीकेचा तसा नव्हता. जीटीके ३ फेब्रुवारी २०११ मध्ये आले, आणि बराच काळ एकाच एसडब्ल्यूटीला जीटीके २ आणि ३ या दोन्हींवर चालावे लागले. एका आवृत्तीत असलेले फंक्शन दुसरीत नसल्याने ती थेट जोडून चालत नव्हती. नेटिव्ह मेथडेवरच्या टिप्पणीत खूण केली की तयार होणारा कोड ते फंक्शन धावताना शोधतो, अशी सोय होती. रंगवण्याची शिस्तही बदलली. जीटीके २ मध्ये खिडकीवर केव्हाही रेघ ओढता येई. ३ मध्ये रंगवण्याची पाळी आली की मगच. एसडब्ल्यूटीचा जाहीर करार मात्र केव्हाही रंगवू देत होता, आणि जुने कार्यक्रम त्यावर विसंबून होते. पार्श्वभूमीचा रंग बदलण्याची साधी फंक्शने पुढे कालबाह्य ठरवून त्यांची जागा सीएसएस या रूप वर्णन करण्याच्या भाषेने घेतली, आणि २०१६ च्या ३.२० आवृत्तीत त्या सीएसएसची अंतर्गत रचनाच बदलली.

लिनक्सवर खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेने याहून मूलभूत अडचण आणली. तिथे कार्यक्रमाला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळत नाही, आणि ती कुठे ठेवायची हे ठरवताही येत नाही. खिडकी अमुक ठिकाणी हलव, असे सांगणारी मेथड एसडब्ल्यूटीत सुरुवातीपासून आहे. थर कितीही पातळ वा जाड असला, तरी खाली जी क्षमताच नाही तिचे वचन वर पाळता येत नाही. ब्राउझरच्या विजेटचीही तीच गत. पृष्ठात स्क्रिप्ट चालवून उत्तर ताबडतोब परत द्या, असा त्याचा करार जुन्या, एकाच प्रक्रियेत चालणाऱ्या इंजिनांच्या काळातला. नवी इंजिने वेगळ्या प्रक्रियेत चालतात आणि उत्तर सवडीने देतात. मग उत्तर येईपर्यंत इव्हेंटची फेरी आतल्या आत फिरवत बसावे लागते, आणि त्या फेरीत वापरकर्त्याने दुसरे बटण दाबले तर जे गोंधळ होतात ते शोधणे अत्यंत क्लेशकारक असते. जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आले, आणि त्यात मुख्य इव्हेंट-फेरीचे जुने फंक्शन, उत्तराची वाट पाहणारा संवाद-खिडकीचा कॉल, कंटेनर हा मूळ वर्ग आणि जुने मेनू हे सर्व काढून टाकलेले आहे.

नेटिव्हपणाची मर्यादा

या सर्व खटाटोपात एक विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटू नये. एक्लिप्स वापरणारा माणूस दिवसभर ज्याकडे पाहतो, तो संपादक आणि त्याच्या डोक्यावरचे टॅब, हे दोन्ही मूळ विजेट नाहीत. रंगीत मजकुराचे विजेट आणि टॅबचे फोल्डर एसडब्ल्यूटीत जावातच रंगवलेले आहेत, कारण हव्या त्या सोयी तिन्ही प्लॅटफॉर्मवर तयार मिळत नव्हत्या. अक्षरांची जुळणी तेवढी सिस्टिमकडे सोपवलेली आहे, आणि देवनागरीतली जोडाक्षरे किंवा उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी पाहिली तर तो निर्णय किती शहाणपणाचा होता हे कळते. स्क्रीन रीडरसाठीचे काम मात्र या विजेट्सपुरते स्वतः करावे लागले. गडद रूपाचीही कथा अशीच. विंडोजच्या जुन्या नियंत्रणांना अधिकृत गडद रूप नाही, म्हणून काही ठिकाणी विंडोजच्या दस्तऐवजात नसलेली फंक्शने बोलवावी लागली. मूळ विजेट वापरण्याचा फायदा म्हणजे सिस्टिमचे रूप आपोआप मिळणे. वापरकर्त्यांनी सिस्टिमपेक्षा वेगळे रूप मागितले की तोच फायदा अडसर होतो.

आज जावात असा थर नव्याने रचणाऱ्याला जेएनआयची सक्ती नाही. मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये परकी फंक्शने आणि परकी मेमरी वापरण्याची सोय कायम झाली, आणि तिच्यात मधला सी कोड जवळजवळ उरतच नाही. एसडब्ल्यूटीने साधनाकडून करून घेतलेले काम आता भाषाच करते. मार्च २०२५ च्या जावा २४ पासून तर परवानगी न देता जेएनआय वापरल्यास इशारा दिला जातो. तथापि मॅक, विंडोज आणि लिनक्स यांच्या विजेट्समधले फरक कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्या सोयीने सुटत नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्म आतून जाणणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी माणसे असतील तरच मी एसडब्ल्यूटीची रचना सुचवीन. दोन-तीन जणांच्या चमूला ती कोकोसारख्या पहिल्याच स्थित्यंतरात झेपणार नाही, आणि त्यांनी स्वतः रंगवणारे टूलकिट घेऊन स्क्रीन रीडर व इनपुट पद्धती यांवर आपली शक्ती खर्च केलेली बरी. एसडब्ल्यूटीच्या परिवारातही अलीकडे हाच हिशेब पुन्हा मांडला गेला आहे : स्किया या चित्रकामाच्या लायब्ररीवर विजेट्स स्वतः रंगवणारी एक प्रायोगिक आवृत्ती करून पाहण्यात आली, जिच्यात जाहीर करार तोच ठेवून बटणापासून सुरुवात करत एकेक मूळ विजेट बाजूला काढण्याचा प्रयत्न आहे.